रेसिंग गेममधील गाडीचे रेटिंग: ते कशावरून ठरते आणि कुठे फसवते

प्रश्न असा विचारला आहे: फोर्झा होरायझन 5 मध्ये दोन गाड्यांचा परफॉर्मन्स इंडेक्स, म्हणजे पीआय, तंतोतंत 800 आहे. दोन्ही ए वर्गाच्या वरच्या टोकाला आहेत आणि तरीही त्यांतली एक प्रत्येक सरळ पट्ट्यावर मागे पडते. मग हा आकडा नेमका कशावरून काढलेला असतो? तो जर अश्वशक्ती आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून निघत असेल, तर बरीच कमी अश्वशक्ती असलेल्या गाडीला तोच आकडा मिळतो कसा? गेममधील गाड्यांचे संतुलन साधणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे थोड्या विस्ताराने उत्तर देतो.

थोडक्यात सांगायचे तर हा आकडा म्हणजे एक भाकीत आहे. एका ठरावीक कल्पित मार्गावर, एका ठरावीक कल्पित चालकाने ही गाडी चालवली तर फेरी साधारण किती वेळात पूर्ण होईल, याचा अंदाज बांधून तो अंदाज एका सोयीच्या मोजपट्टीवर बसवला जातो आणि खेळाडूला फक्त शेवटचा आकडा दिसतो. मार्ग कोणता धरला, चालक कसा धरला आणि कोणत्या गोष्टी हिशेबात घेतल्याच नाहीत, हे पडद्यावर कुठेही लिहिलेले नसते. तुमची प्रत्यक्ष शर्यत त्या कल्पित मार्गापेक्षा जितकी वेगळी, तितका तो आकडा तुमच्या बाबतीत चुकणार. ऑनलाइन शर्यतींत वरचढ ठरणाऱ्या बहुतेक गाड्या याच फरकावर बेतून तयार केलेल्या असतात.

आधी हे मान्य करायला हवे की असा एखादा आकडा लागतोच. शेकडो गाड्या असलेल्या गेममध्ये, त्यातही प्रत्येक गाडीला इंजिन, टायर, गिअरबॉक्स, वजनकपात असे बदल करण्याची मुभा दिल्यावर, कोणती गाडी कोणत्या गाडीबरोबर उभी करायची हे हाताने ठरवणे अशक्य होते. ग्रॅन टुरिस्मो मालिकेच्या सुरुवातीच्या भागांत काही शर्यतींना अश्वशक्तीची कमाल मर्यादा असे. मर्यादा पाळून हलकी गाडी निवडली आणि तिला उत्तम टायर लावले की समोरच्यांची दमछाक होई, कारण वजन आणि पकड यांवर कोणाचेच बंधन नव्हते. पुढे ग्रॅन टुरिस्मो 5 प्रोलॉगपासून परफॉर्मन्स पॉइंट, म्हणजे पीपी, आले आणि शक्तीबरोबर वजनही हिशेबात धरले जाऊ लागले. तरीही 2010 साली आलेल्या ग्रॅन टुरिस्मो 5 मध्ये टायर बदलल्याने पीपी बदलत नसे, त्यामुळे लॉबी, म्हणजे ऑनलाइन शर्यतीची खोली, उघडणाऱ्याला पीपीच्या मर्यादेशिवाय टायरची मर्यादाही स्वतंत्रपणे घालावी लागे. 2022 च्या ग्रॅन टुरिस्मो 7 मध्ये टायर बदलला की पीपीही बदलतो. गाडी आणि रस्ता यांच्यातला एकमेव दुवा टायर असतो, हे पाहता हा बदल फार आधी व्हायला हवा होता असे माझे मत आहे.

रेटिंग काढण्याच्या पद्धती ढोबळमानाने दोन आहेत. पहिली सूत्राची: शक्ती, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर), वजन, टायरचा दर्जा, डाउनफोर्स (हवेने गाडीला रस्त्यावर दाबणारा जोर) यांना भारांक देऊन बेरीज-गुणाकार करायचा. ही पद्धत झटपट चालते, पण गाडीच्या घटकांचा एकमेकांवर होणारा परिणाम तिला कळत नाही. साध्या टायरच्या मागील चाकांवर चालणाऱ्या गाडीत आणखी 200 अश्वशक्ती घातली तर सूत्र आकडा भरघोस वाढवते. प्रत्यक्षात ती शक्ती पहिल्या तीन गिअरमध्ये नुसता धूर काढते. दुसरी पद्धत सिम्युलेशनची: गाडीचे भौतिक प्रारूप घेऊन तिला शून्यापासून वेग घ्यायला लावायचे, ब्रेक लावायला लावायचे, वेगवेगळ्या वेगांना वळवून पाहायचे, किंवा थेट एका आभासी मार्गावर फिरवायचे आणि त्या निकालांवरून आकडा काढायचा. ही पद्धत गाडीच्या कागदावरच्या गुणांऐवजी तिची वागणूक मोजते, म्हणून ती अधिक प्रामाणिक आहे. मात्र तिच्यातही कोणीतरी मार्ग निवडलेला असतो आणि चालक घडवलेला असतो.

दोन अगदी वेगळ्या गाड्यांना सारखाच आकडा कसा मिळतो, हे एका उदाहरणातून पाहू. गाड्या कल्पित आहेत, गणित खरे आहे. पहिली गाडी 1400 किलो वजनाची आणि 350 अश्वशक्तीची, म्हणजे टनामागे 250 अश्वशक्ती. तिचे टायर साधे आहेत आणि वळणात ती 1.0 जी इतका बाजूचा भार, म्हणजे पार्श्व त्वरण, पेलते (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतके). दुसरी 1200 किलोची आणि 240 अश्वशक्तीची, म्हणजे टनामागे 200; पण टायर रुंद आणि मऊ असल्यामुळे ती 1.2 जी पेलते. समोर 50 मीटर त्रिज्येचे काटकोनी वळण आहे. वळणातला कमाल वेग हा पार्श्व त्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ असतो. त्यानुसार पहिली गाडी ताशी सुमारे 80 किलोमीटरने वळण घेते, दुसरी ताशी सुमारे 87 किलोमीटरने. वळणाची लांबी साडेअठ्ठ्याहत्तर मीटर भरते, ती पार करायला पहिलीला 3.55 सेकंद आणि दुसरीला 3.24 सेकंद लागतात. एका वळणात साधारण तीन दशांश सेकंदांचा फरक पडला.

आता वळणातून बाहेर पडल्यावर सरळ पट्टा येतो. इंजिनापासून चाकापर्यंत 15 टक्के शक्ती वाया जाते असे धरू. हवेचा रोध आणि चाके जागच्या जागी फिरणे या दोन गोष्टी सोपेपणासाठी सोडून देऊ. दुसरी गाडी अधिक वेगाने बाहेर पडलेली असल्यामुळे सुरुवातीला पुढेच असते. साधारण 40 मीटरच्या आत दोघींचा वेग समान होतो आणि तिथून पुढे पहिली अंतर भरून काढू लागते. 300 मीटरच्या पट्ट्याअखेर पहिलीने दोन दशांश सेकंद परत मिळवलेले असतात, 400 मीटरच्या आसपास हिशेब जवळजवळ फिटतो आणि पट्टा 600 मीटरचा असेल तर वळणात गमावलेले सगळे वसूल करून पहिली गाडी दोन दशांशांहून अधिक पुढे निघून जाते. पट्ट्याच्या शेवटी ब्रेक लावताना दुसरीला पुन्हा थोडा फायदा होतो, कारण तिचा वेग कमी असतो आणि तिचे टायर अधिक धरतात. पण चित्राची दिशा त्याने बदलत नाही.

ज्या आभासी मार्गावर रेटिंग काढले त्यात अशी वळणे आणि सरासरी 400 मीटरचे पट्टे असतील, तर या दोन्ही गाड्यांना एकच आकडा मिळेल आणि त्या मार्गापुरता तो बिनचूक असेल. त्याच गाड्या त्सुकुबावर नेल्या, जिथे सगळे सर्किटच जेमतेम 2 किलोमीटरचे आहे आणि एकामागून एक तीव्र वळणे येतात, तर हलकी गाडी सहज जिंकेल. ल मांसच्या 13.6 किलोमीटरच्या सर्किटवर नेल्या, जिथे मुल्सानचा पट्टा सुमारे 6 किलोमीटरचा असून 1990 पासून घातलेल्या दोन शिकेनमुळेच (वेग कमी करायला लावणाऱ्या छोट्या वळणांच्या जोड्यांमुळेच) काय तो तुटतो, तर शक्तिशाली गाडी हलकीला मैदानातून बाहेर काढील. आकडा दोन्ही ठिकाणी तोच राहतो. तुमची गाडी सरळ पट्ट्यावर मागे पडते याचे कारण इथे आहे: तिच्या 800 पैकी बराच भाग पकडीवर खर्च झालेला आहे आणि समोरच्याच्या 800 पैकी बराच भाग इंजिनावर. तुम्ही जिथे तिला मागे पडताना पाहता तिथे तिने मागे पडणे अपेक्षितच आहे. तिने वळणात पुढे जाणे मात्र तितकेच अपेक्षित आहे, आणि ते होत नसेल तर रेटिंगकडे पाहण्याआधी वळण घेण्याच्या पद्धतीकडे पाहावे लागेल.

इथे चालकाचा प्रश्न येतो. सिम्युलेशनमधला चालक प्रत्येक वळण गाडीच्या अगदी टोकाच्या मर्यादेवर घेतो, त्याला भीती नसते आणि त्याची चूकही होत नाही. मागे इंजिन असलेली, ॲक्सिलरेटर सोडताच शेपूट फिरवणारी गाडी त्याच्या हातात तितकीच शहाण्यासारखी वागते जितकी मध्ये इंजिन असलेली समतोल गाडी. माणसाचे तसे नसते. एखादी गाडी शंभरांतल्या पाच वळणांत हातातून सुटत असेल, तर सुज्ञ खेळाडू उरलेल्या पंच्याण्णव वळणांतही थोडी जागा राखून चालवतो आणि त्या राखलेल्या जागेची किंमत रेटिंगमध्ये कुठेच दिसत नाही. म्हणूनच नव्या खेळाडूला मी नेहमी सांगतो की आकडा सारखा असताना जी गाडी अंदाजाबरहुकूम वागते तीच घ्यावी, तिच्या फेरीचा सर्वोत्तम वेळ एखाद्या दशांशाने मंद असला तरी. दहा फेऱ्यांच्या शर्यतीत सर्वोत्तम फेरीपेक्षा सर्वांत वाईट फेरी जास्त निर्णायक असते.

चालकाशिवायही बऱ्याच गोष्टी हिशेबाबाहेर राहतात. टायरची झीज, इंधनाचे वजन, दुसऱ्या गाडीच्या मागे मिळणारा स्लिपस्ट्रीम (हवेचा रोध कमी असलेला पट्टा), शर्यतीच्या सुरुवातीची गर्दी, पाऊस, यांतले काहीही एकट्याने फिरवलेल्या गाडीच्या फेरीत येत नाही. चारही चाकांना शक्ती देणारे रूपांतर फोर्झा होरायझनच्या ऑनलाइन शर्यतींत इतके लोकप्रिय का आहे, याचे उत्तर यात सापडते. रूपांतराने वजन वाढते आणि पीआयमधले काही गुणही खर्च होतात. पण शर्यत दोन-तीन मिनिटांत संपणारी असेल आणि सगळ्या गाड्या एकाच वेळी उभ्या स्थितीतून सुटत असतील, तर पहिल्या वळणापर्यंत तीन-चार जागा पुढे असणे हे त्या गुणांच्या कितीतरी पट मोलाचे ठरते. लांब शर्यतीत हेच गणित उलटते.

रेटिंगच्या शेजारी वेग, प्रवेग, हाताळणी, ब्रेक अशा पट्ट्या दिसतात. फोर्झामध्ये त्या 0 ते 10 या प्रमाणात असतात आणि बहुतेक लोक त्यांवर नुसती नजर टाकून पुढे जातात. मला स्वतःला या पट्ट्यांपेक्षा अपग्रेडच्या पडद्यावरचे प्रत्यक्ष मोजमाप अधिक उपयोगाचे वाटते. त्यात पार्श्व जी दोन वेगांना दिलेले असते, ताशी 60 मैलांना आणि ताशी 120 मैलांना. वेग दुप्पट झाला की डाउनफोर्स चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी 60 मैलांचा आकडा मुख्यतः टायर आणि वजन यांबद्दल बोलतो, आणि ताशी 120 मैलांचा आकडा त्याहून किती मोठा आहे यावरून हवेची करामत किती आहे ते कळते. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर गाडीला डाउनफोर्स जवळजवळ नाहीच. अशी गाडी अरुंद, मंद वळणांच्या मार्गावर उत्तम चालेल, पण वेगवान वळणांच्या मालिकेत डाउनफोर्सवाल्या गाडीपुढे तिचे काही चालणार नाही, मग हाताळणीची पट्टी दोघींची सारखी का दिसेना. ग्रॅन टुरिस्मो 7 च्या सेटिंग पत्रकातही कमी, मध्यम आणि अधिक वेगाला गाडी किती जी घेते ते निरनिराळे दाखवले जाते, शिवाय कमी आणि अधिक वेगातील स्थिरता स्वतंत्रपणे दिली जाते. पीपीच्या एकट्या आकड्यापेक्षा या पाच ओळी गाडीबद्दल जास्त सांगतात.

याच ठिकाणी अनेकांना गोंधळात टाकणारा एक अनुभव येतो: मागे मोठा विंग लावला आणि पीआय वाढण्याऐवजी एक-दोन गुणांनी घटला. गेममध्ये काही बिघडलेले नसते. विंगमुळे वेगवान वळणांत पकड मिळते, पण हवेचा रोध वाढतो आणि थोडे वजनही वाढते. आभासी चाचणीत सरळ पट्ट्यावरचे नुकसान वळणातल्या फायद्यापेक्षा मोठे भरले तर आकडा खाली येणारच. या घटीमुळे मोकळे झालेले गुण दुसऱ्या एखाद्या भागावर खर्च करता येतात आणि तुमचा मार्ग वेगवान वळणांचा असेल तर तुम्हाला विंग फुकटात मिळाल्यासारखा होतो. चाकांच्या रिमचेही तसेच. हलका रिम महाग पडतो, जड रिम एखाददुसरा गुण परत देतो. आणि 801 वर अडकलेली गाडी 800 वर आणण्यासाठी जाणती मंडळी इंजिनाला हात लावण्याआधी रिमच्या दुकानात शिरतात.

हाच प्रकार शक्तीच्या बाबतीतही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. हवेच्या रोधाविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे शक्ती दुप्पट केली तरी कमाल वेग सव्वापटीच्या जरा वरच जातो आणि 10 टक्के शक्ती वाढवली तर कमाल वेगात 3 टक्क्यांची भर पडते. कमाल वेगाची पट्टी भरण्यासाठी ओतलेले गुण म्हणूनच बहुधा वाया जातात, जोपर्यंत मार्गावर तो वेग गाठायला जागाच नसते.

भाग आणि सेटिंग यांतला फरक हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. फोर्झा होरायझनमध्ये पीआय बसवलेल्या भागांवरून ठरतो. टायरमधील हवा, कँबर (चाकाचा आत-बाहेर कल), स्प्रिंगची ताठरता, गिअरचे गुणोत्तर यांत कितीही फेरबदल केले तरी आकडा हलत नाही. याचा अर्थ असा की चांगले ट्यूनिंग हे तिथे रेटिंगच्या दृष्टीने मोफत आहे. एकाच गाडीचे, एकाच भागांचे, एकाच पीआयचे दोन नमुने एका फेरीत सेकंदाहून अधिक अंतराने वेगळे पडू शकतात आणि त्यात नियमबाह्य काहीच नसते. ग्रॅन टुरिस्मो 7 ने दुसरा रस्ता धरला. तिथे गाडीची उंची, डाउनफोर्स, वजनाची जागा, गिअरबॉक्स असे बदल केले की पीपी पुन्हा मोजला जातो आणि बदलतो. तत्त्वतः हे अधिक न्याय्य आहे, कारण गाडी जशी धावणार आहे तशीच मोजली जाते.

व्यवहारात मात्र या न्यायातूनच पळवाट निघाली. मोजणी करणारा आभासी चालक ठरावीक रीतीने गाडी हाकतो. तेव्हा जी सेटिंग त्याला फार त्रास देते, पण हाडामांसाच्या खेळाडूला फारशी अडवत नाही, ती शोधून काढली की पीपी कोसळतो आणि गाडी प्रत्यक्षात वेगवानच राहते. पुढची बाजू आणि मागची बाजू यांच्या उंचीत विचित्र फरक ठेवणे, वजन टोकाला नेऊन ठेवणे, गिअरची गुणोत्तरे विक्षिप्त करणे, असे प्रयोग करून टोमाहॉक एक्स या कल्पित, अचाट शक्तीच्या गाडीचा पीपी काही शेकड्यांनी खाली आणला गेला आणि जिथे तिचा प्रवेश कोणाच्या स्वप्नातही नव्हता अशा 600 ते 800 पीपीच्या शर्यतींत ती पैसे कमावू लागली. ग्रॅन टुरिस्मो बनवणाऱ्या पॉलिफोनी डिजिटलने अद्यतनांतून अशा वाटा बुजवल्या, त्यानंतर नव्या सापडल्या, त्याही बुजवल्या गेल्या. या कामातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. एखाद्या मोजमापावर बक्षीस लावले की हजारो हुशार माणसे ते मोजमाप वाकवायच्या मागे लागतात, आणि चाचणी करणारे संघ कितीही मोठे असले तरी त्यांच्या वाट्याला खेळाडूंइतके तास येत नाहीत.

मोजपट्टीबद्दलही थोडे सांगायला हवे. फोर्झा होरायझन 5 मध्ये डी वर्ग 500 पर्यंत, सी 600 पर्यंत, बी 700 पर्यंत, ए 800 पर्यंत, एस1 900 पर्यंत आणि एस2 998 पर्यंत जातो. 999 म्हणजे एक्स. या सीमा गोल आकड्यांवर आहेत म्हणून 650 आणि 700 यांतला फरक 900 आणि 950 यांतल्या फरकाइतकाच आहे असे समजू नये. सेकंदांचे आकड्यांत रूपांतर कोणत्या वक्राने करायचे हा रचनाकाराचा निर्णय असतो. 999 तर कमाल मर्यादाच आहे. तिथे पोहोचलेल्या सगळ्या गाड्यांना एकच आकडा मिळतो, मग त्यांतली एक दुसरीपेक्षा कितीही वेगवान असो, त्यामुळे एक्स वर्गात रेटिंग पाहण्यात अर्थ उरत नाही. उलट प्रत्येक वर्गाच्या वरच्या टोकाला गर्दी होते: ऑनलाइन शर्यतीत 760 वर उभी असलेली गाडी 40 गुण सोडून देत असते, आणि ते सोडण्याची गरज जवळजवळ कधीच नसते.

आकड्याऐवजी थेट संतुलन लादण्याचा मार्गही आहे, त्याला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स किंवा बीओपी म्हणतात. खऱ्या जीटी3 शर्यतींत, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या रेसिंग गाड्यांच्या शर्यतींत, पुढे इंजिन असलेल्या आणि मध्ये इंजिन असलेल्या अगदी भिन्न गाड्या एकत्र धावतात. त्यांना जवळ आणण्यासाठी आयोजक वजन वाढवतात, इंजिनाला मिळणारी हवा किंवा टर्बोचा दाब मर्यादित करतात आणि सर्किटच्या स्वरूपानुसार ही मूल्ये बदलतात. असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेमने हीच सर्किटनिहाय रीत उचलली, तर 2017 च्या ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टने गाड्यांचे जीआर.3, जीआर.4 असे गट करून त्यांवर बीओपी लावले. खेळाडूला बदल करण्याची मुभा काढून घेतली की संतुलन राखणे फार सोपे होते. त्याची किंमत म्हणजे आपली गाडी आपण घडवण्याचा आनंद जातो. स्पर्धा गंभीर असेल तर मी डोळे मिटून बीओपी निवडतो. करमणूक हवी असेल तर अर्थातच नाही.

मोबाइलवरील गेममधले आकडे या चर्चेत आणू नयेत. ॲस्फाल्ट 9 सारख्या गेममध्ये गाडीचा रँक हा मुख्यतः तिच्यावर किती अपग्रेड झाले आहेत हे सांगतो. तुमच्यासमोर कोण उभा करायचा आणि पुढच्या अपग्रेडची ओढ कशी लावायची यासाठी तो असतो, फेरीचा वेळ सांगण्यासाठी नव्हे. त्याचप्रमाणे आयरेसिंग या ऑनलाइन रेसिंग गेममधील आयरेटिंग किंवा ग्रॅन टुरिस्मोमधील डीआर (ड्रायव्हर रेटिंग) ही चालकाची रेटिंग आहेत आणि ती शर्यतींच्या निकालांवरून वरखाली होतात. गाडीशी त्यांचा संबंध नाही.

आता तुमच्या गाडीबद्दल. तिचे भाग लगेच बदलू नका. ज्या मार्गांवर तुम्ही नेहमी धावता त्यांतले दोन निवडा, एक लांब पट्ट्यांचा आणि एक वळणांचा, आणि दोन्हींवर एकट्याने, स्लिपस्ट्रीमशिवाय, ओळीने काही फेऱ्या करून सलग तीन वेळा जमणारा वेळ लिहून ठेवा. एकदाच जमलेला सर्वोत्तम वेळ धरू नका. मग टायर एक पायरी खाली उतरवा, मोकळे झालेले गुण इंजिनात घालून पुन्हा 800 वर या आणि तीच चाचणी करा. लांब मार्गावर जे मिळाले ते वळणांच्या मार्गावर गमावलेल्यापेक्षा जास्त असेल, तर तुमच्या शर्यतींसाठी गाडी पकडीकडे जरुरीपेक्षा जास्त झुकलेली होती. दोन्ही मार्गांवर वेळ बिघडला तर बहुधा शक्ती चाकांतून रस्त्यावर उतरतच नाही. अशा वेळी टायरची रुंदी परत वाढवून वजन कमी करण्याकडे वळा, कारण वजन कमी झाले की प्रवेग, ब्रेक आणि वळण या तिन्हींत थोडे थोडे मिळते आणि आकड्याच्या मोबदल्यात तो सौदा बहुतेक वेळा परवडतो. शेवटी गिअरचे गुणोत्तर तपासा: सर्वांत लांब पट्ट्याच्या अखेरीस इंजिन शेवटच्या गिअरमध्ये लाल रेषेच्या (इंजिनाच्या कमाल फेऱ्यांच्या खुणेच्या) जरा खाली असायला हवे. होरायझनमध्ये या बदलाला पीआयचा एकही गुण लागत नाही, आणि सरळ पट्ट्यावर मागे पडणाऱ्या कित्येक गाड्यांचा आजार तेवढ्यानेच बरा होतो.